उपासकाळातले कोरे रकाने

या, अशा जवळ सरकून बसा. पंख्याचा आवाज आहे आणि मला आता पहिल्यासारखं मोठ्यानं बोलवत नाही. आज तुम्हाला ईस्टरच्या आधीच्या त्या पवित्र बुधवारची गोष्ट सांगते, ज्या दिवशी आमच्या मोन्तेसांच्या अंगणात चाललेलं प्रभूच्या दुःखसहनाचं गायन अर्ध्यातच थांबलं. साठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वादळात पत्रे उडाले त्या साली आम्ही छत्र्या धरून गायलो होतो. ते गाणं एका बाईच्या कुजबुजीनं थांबलं, आणि ती बाई आमच्याच घरची सून होती.

गायनाची आमची रीत अशी. दोन बाक समोरासमोर. डाव्या बाकानं एक कडवं म्हणायचं, उजव्यानं पुढचं. एकदा पुस्तक उघडलं की शेवटच्या पानापर्यंत मिटायचं नाही. उजव्या बाकावर मी, माझ्या वयाच्या बायका आणि शेजारपाजार. डाव्या बाकावर माझ्या थोरल्या बहिणीच्या, फेलिसिदादच्या म्हणजे आमच्या फेलीच्या, चपलांच्या कारखान्यातले पाच कामगार. त्यांचा म्होरक्या मांग तेबान; 'मांग' हे आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानानं म्हणायचं, काका म्हणावं तसं. तळ कापायला त्याच्यासारखा हात बानाहाव डोंगराच्या या अंगाला दुसरा नव्हता, आणि आवाज असा की तो 'हे माते' म्हणायला लागला की माझे डोळे आपोआप मिटायचे. दर वर्षी वाटायचं, देवानं हा गळा दिलाय तो याच आठवड्यासाठी.

त्या दुपारी आम्ही गेथसेमानीच्या बागेपर्यंत, प्रभूला जिथं पकडतात तिथपर्यंत, पोचलो होतो. अंगणात नारळाच्या दुधातली खीर रटरटत होती. आणि आत कारखान्यात, कापायच्या टेबलावर चामड्याचे तुकडे बाजूला सारून, मिलेत लॅपटॉप उघडून बसली होती.

मिलेत म्हणजे फेलीची धाकटी. कालांबा शहरातल्या कंपनीतली नोकरी सोडून ती घरी आली होती. आल्यापासून तीन आठवडे तिनं एकच ध्यास घेतला होता: पगाराचं सॉफ्टवेअर. जोडीमागे किती, किती जोड्या, उचल किती, सुट्टीच्या दिवसाचे किती, विम्याचे आणि पेन्शनचे किती कापायचे, मालकानं किती घालायचे, सगळं त्यात भरायचं. फेली दर शुक्रवारी सबंध संध्याकाळ जे बोटं मोजत करायची, ते यंत्र एका दमात करून देतं, असं तिचं म्हणणं.

"झाला पगार?" फेली एप्रनला हात पुसत आत आली. उद्यापासून चार दिवस कारखाना बंद, म्हणून पगार आजच द्यायचा होता.

"झाला, नानाय. सुट्टीसकट. पाच जणांचा, अकरा मिनिटांत."

"मग तोंड असं का केलंयस? मी तर म्हणणार होते, माझी पाठ वाचवलीस बाई."

मिलेतनं आईकडे बघितलंच नाही. "कुयाला बोलवा."

"तो मातेच्या गाडीवर फुलं लावतोय."

"फुलं थांबतील. बोलवा त्याला."

फेलीनं मला नंतर सांगितलं, तो आवाज ऐकून ती तशीच त्याला हाक मारायला गेली. मुलगी तिच्याशी असं कधी बोलली नव्हती.

रोहेल आला तो हाताला मेण, कपाळाला घाम. फेलीचा सत्तेचाळीस वर्षांचा थोरला मुलगा, म्हणून मिलेतचा 'कुया', मोठा भाऊ. बाप गेल्यापासून दुःखी मातेची, प्रभूच्या आईची, मूर्ती, तिची मिरवणुकीची गाडी आणि घरातले सगळे सरकारी कागद त्याच्याकडे. महिन्याच्या महिन्याला कामगारांच्या पगारातून कापलेली रक्कम घ्यायची आणि गावात जाऊन विमा कार्यालयात भरायची, हेही त्याचंच काम.

"बोल लवकर," तो म्हणाला. "लिलीची फुलं सुकताहेत."

मिलेतनं लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. "हे पाच जण. हे महिने, अकरा वर्षांचे. हिरवं म्हणजे पगारातून कापले आणि भरले. लाल म्हणजे कापले आणि भरले नाहीत. आता वाच मोठ्यानं."

"मला कामं आहेत, मिलेत."

"मग मी वाचते. जानेवारी हिरवा. फेब्रुवारी लाल, मार्च लाल, एप्रिल लाल. मे हिरवा. पुढं डिसेंबरपर्यंत हिरवा. पुढचं वर्ष. जानेवारी हिरवा, फेब्रुवारी लाल, मार्च लाल, एप्रिल लाल. त्याच्या पुढचं..."

"मशीन चुकलं असेल!"

"मशीन फक्त विचारत होतं, पावती कुठे? पहिल्यांदा मलाही वाटलं, तुझ्या त्या बिस्किटाच्या डब्यात हरवल्या असतील. म्हणून काल कार्यालयाकडच्या नोंदी उतरवून घेतल्या. तिथंही हेच. तू प्रत्येक वर्षी वेगळ्या महिन्यात चुकला असतास ना, कुया, तर कुणाला दिसलंही नसतं. पण वर्षाखाली वर्ष मांडलं आणि बघ, सरळ पट्टा पडलाय. ईस्टरआधीचा सगळा उपासकाळ लाल!"

रोहेलचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तापला. बाहेर आमचा बाक गात होता, शिष्य झोपी गेले त्याचं कडवं.

"कुणासाठी खर्च केले?" तो एकदम ओरडला. "दारू प्यायलो? बाई ठेवली? मातेच्या गाडीला चांदीचा पत्रा कुठून आला? दिवे कुठून आले? सगळं गाव शुक्रवारी तोंडात बोट घालून बघतं तेव्हा तू नाही विचारलंस, 'कुया, पैसे कुठले?' तेव्हा फोटो काढत होतीस!"

"ते त्यांचे पैसे होते!"

"ईस्टर झाला की भरणार होतो. दर वर्षी भरणारच होतो!"

"अकरा ईस्टर झाले! अकरा वेळा प्रभू उठला, तुझे पैसे काही उठले नाहीत!"

"मिलेत!" फेलीनं टेबलावर हात आपटला. "बाहेर देवाचं नाव चाललंय. आवाज खाली."

"बघा, नानाय," रोहेल म्हणाला, "कालांबाहून शिकून आली आणि मला चोर ठरवायला बसली. बाबांनी हिला काय दिलं? कॉलेजची फी. मला काय दिलं? गाडी! 'रोहेल, माता लाजता कामा नये.' शेवटचे शब्द. हिनं उचलली का कधी ती गाडी?"

आणि इथं फेली मुलाच्या बाजूला गेली. मी तिची बहीण, मी हे लपवणार नाही. तिनं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "हे आपल्यातच राहू दे. मिलेत, ते लाल काय ते पुसता येतं का? ईस्टरनंतर आपण थोडे थोडे भरू. कुणाला कळायचं कारण नाही."

"पुसता येत नाही."

"मग बंद कर ते."

"नानाय, मांग तेबान या मेमध्ये साठ पूर्ण करतोय."

फेलीनं लॅपटॉपकडे बघितलं.

"पेन्शनला एकशेवीस महिने लागतात. तीस वर्षं तुम्ही विम्यात त्याचं नावच घातलं नव्हतं, अकरा वर्षांपूर्वी घातलंत. डिसेंबरपर्यंत एकशेबत्तीस व्हायला हवे होते. आहेत नव्याण्णव. यंदाचे चार-पाच आता वेळेत भरले तरी पुरत नाहीत. त्यानं गावभर सांगितलंय, मेनंतर मी रापी खाली ठेवणार. त्याचा अंगठा वाकत नाही आता. सोल्युशनच्या वासानं छाती भरते. तो मेमध्ये कार्यालयाच्या खिडकीशी जाऊन उभा राहील आणि ती लोकं त्याला सांगतील, परत जा."

"उरलेले महिने स्वतः भरू शकतो की," रोहेल पुटपुटला. "तशी सोय आहे."

"म्हणजे आपण खाल्लेले त्यानं पुन्हा भरायचे? त्या अंगठ्यानं अजून दीड वर्ष तळ कापून? तो माझा निनोंग आहे, धर्मपिता, कुया! माझ्या बाप्तिस्म्याला मला हातात धरून उभा होता तो!"

एवढ्यात दार उघडलं. लुविमिन्दा, आमची लुविंग, रोहेलची बायको. तिच्या दोन्ही हातांवर मातेचा काळा मखमली झगा होता, जरीचं काम केलेला. सासूला दाखवायला आणला होता. दाराच्या फटीतून तिनं सगळं ऐकलं होतं.

लुविंग आमच्यातली सगळ्यात गरीब गाय, असं आम्ही म्हणायचो. वीस वर्षं ती मातेला नेसवत आली. ते काम बायकांचंच. मूर्ती नेसवताना पुरुषानं खोलीत डोकावायचंही नसतं. फेब्रुवारी लागला की ती सुई हातात घ्यायची ते पवित्र गुरुवारपर्यंत.

"रोहेल," ती म्हणाली, "हे जरीकाम कुठल्या पैशाचं?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मला तू सांगितलंस, तुझ्या शिलकीतून. पोरांच्या बुटांना दोन महिने थांब म्हणालास, मी थांबले. मातेसाठी म्हणून थांबले. मी एकेका टाक्याला एकेक जपमाळ म्हटलीय! ती सगळी मांग तेबानच्या पगारावर म्हटली मी?"

"घरात चल, तिथं बोलू."

"आपल्या कारखान्यातल्या पोर्फिर्योच्या बायकोचं बाळंतपण झालं, तेव्हा विम्याचे पैसे अर्धेच मिळाले. ती माझ्याकडे रडली. मी तिला म्हटलं, सरकारी कामं अशीच असतात. मला खोटं बोलायला लावलंस तू, माहीत नसताना!"

तिनं झगा टेबलावर ठेवला, चामड्याच्या कातरणांवर, एरवी ज्याला धुळीचा वारा लागू द्यायची नाही तो. "मी नेसवणार नाही. तुझीच आहे ना माता? तूच नेसव."

"लुविंग!" फेली ओरडली. "काय बोलतेस, कळतंय का?"

लुविंग अंगणात आली. मी समोरच बसले होते. वाटलं, खीर ढवळायला आली. ती सरळ डाव्या बाकाकडे गेली, मांग तेबानच्या मागे वाकली आणि त्याच्या कानाशी बोलू लागली. तो गातच होता. पुस्तकावरचं त्याचं बोट पुढं सरकत होतं. बोट थांबलं, पण कडवं त्यानं पुरं केलं, शेवटच्या अक्षरापर्यंत. ते माझ्या मनातून कधी जायचं नाही.

आम्ही आमचं कडवं म्हटलं. यहुदानं दगा दिला त्या चुंबनाचं. आणि थांबलो, उत्तराची वाट बघत.

उत्तर आलं नाही.

पाचही जण एकमेकांशी दोन शब्द बोलले. पोर्फिर्योनं बाटलीतलं आमच्या घरचं पाणी जमिनीवर ओतून टाकलं. आमच्यातल्या एका म्हातारीनं, त्यांना ओळ सापडली नसेल म्हणून, त्यांच्या कडव्याचा पहिला शब्द हळूच सुचवला. कुणी हललं नाही. खिरीचा आवाज तेवढा येत होता. मग मांग तेबान उठला, बाकीचे चौघे उठले, आणि ते कारखान्याकडे चालू लागले.

आत फेलीला ती शांतता आधी कळली. मग दारात माणसं दिसली.

"तेबान," ती म्हणाली, "बस. आल्याचा चहा आणते."

"किती, अते फेली?" ताई म्हणावं तसं तो तिला 'अते' म्हणायचा.

"आधी बस तरी..."

"किती महिने?"

"तेहतीस, निनोंग," मिलेत म्हणाली.

तो हसला. ते हसणं मी दारातून बघितलं. "तेहतीस. प्रभूही तेहतीसच वर्षं जगला. आकडा तरी शुभ निवडलात."

"मांग तेबान, मातेसाठीच झालं ते," रोहेल पुढं झाला. "माझ्या खिशात एक सेंतावो गेला नाही. शपथ."

"मातेनं मागितले होते?" आता त्याचा आवाज चढला. आम्ही देवळात ऐकलेला आवाज, पण त्यात जाळ होता. "तिच्या पायातल्या चपला कुणी केल्या? मी. पैसे घेतले? तू मला म्हणाला असतास, तेबान, मातेच्या गाडीला पैसे कमी पडताहेत, तर फेब्रुवारीचा अख्खा पगार तुझ्या हातावर ठेवला असता आणि घरी जाऊन मीठ-भात खाल्ला असता. तू विचारलं नाहीस! दर शनिवारी पाकिटातनं घेतलंस आणि वर माझ्याच समोर गाडीवर चढून हात जोडलेस. माझ्या पैशानं तू नवस फेडलेस, रोहेल. माझ्या म्हातारपणानं!"

"हळू बोला, मांग तेबान, लोक ऐकताहेत..."

"ऐकू देत! अकरा वर्षं मी हळू बोललो. गायलो तेवढं मोठ्यानं."

रोहेलनं मान खाली घातली. तरी म्हणाला, "तुमचे भरतो. सोमवारी. तुमचे एकट्याचे तरी भरतोच."

"माझे एकट्याचे?" मांग तेबाननं मागच्या चौघांकडे हात केला. "आणि हे कोण? पाचांचे. पुस्तक उघडं आहे, अते फेली. ते मी मिटणार नाही, तेवढं पाप मला नको. पण आमचा बाक गाणार नाही. देव वाट बघेल. आम्हीही बघितली."

फेली मोठ्या अभिमानाची बाई. नवरा गेला तेव्हा मयताच्या दुसऱ्या दिवशी तिनं कारखाना उघडला होता. त्या घटकेला ती मला एकदम म्हातारी दिसली. तिनं अंगणाकडे बघितलं: रिकामा बाक, उघडं पुस्तक, कुंपणापाशी जमलेली माणसं.

"मिलेत, सगळ्यांचे मिळून किती? दंडासकट."

"साडेचार लाख पेसो. थोडे वर."

"कुठून आणायचे, ते सांगतं का तुझं मशीन?"

"नाही, नानाय. ते फक्त लपवत नाही."

 फेली म्हणाली, "सुमिलांगना फोन लाव."

रोहेल दचकला. शेजारच्या गावचे सुमिलांग दोन वर्षं मातेची गाडी विकत मागत होते. "नाही! नानाय, नाही. परवा शुक्रवार आहे. गाडी बाबांची आहे!"

"तुझ्या बाबांची गाडी लाकडाची होती. चार माणसं ढकलायची. चांदी, दिवे, जनरेटर, ते तुझं."

"माता कशावरून जाणार?"

"खांद्यावरून. तुझ्या आजीच्या वेळी जायची तशी."

"सगळं गाव हसेल मला!"

"हसू दे. मलाही हसू दे. पाकिटावर पेन्सिलीनं 'विमा' लिहून त्यातनं पैसे काढत कोण होतं? मी. पावती मागितली का एकदा तरी? पोटचा पोरगा आहे म्हणून नाही मागितली. आणि आत्ता, या टेबलाशी, मी हिला म्हटलं, पुसून टाक." ती मांग तेबानकडे वळली. "हो, म्हटलं मी. तुला कळलेलं बरं."



"पुढच्या शनिवारपासून पगार त्या मशीनमधून," फेली म्हणाली. "कापलेलं त्याच दिवशी भरायचं, आणि भरलेलं पाचांच्या फोनवर दिसलं पाहिजे. मिलेत, होतं ना तसं?"

"होतं."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही," रोहेल म्हणाला.

"नाही," त्याची आई म्हणाली.

तो मेणाचे हात तसेच घेऊन मागच्या दारानं निघून गेला. लुविंग त्याच्या मागे गेली नाही.

सुमिलांगांचा मोठा मुलगा तासाभरात ट्रक घेऊन आला, फुलांसकट गाडी घेऊन गेला. अर्धे पैसे बँकेत तिथल्या तिथं टाकले, अर्धे सोमवारी. मिलेतनं आधी मांग तेबानचे तेहतीस महिने भरले. त्याचा फोन किणकिणला. चष्मा बाकावरच राहिला होता, म्हणून पोर्फिर्योनं त्याला आकडा वाचून दाखवला. त्यानं दोनदा वाचायला लावला.

"आता बाकीच्यांचे," तो म्हणाला.

"आणखी एकाचे पुरताहेत, निनोंग, ते लगेच भरते. उरलेल्या तिघांचे सोमवारी. नक्की."

"बरं." तो चौघांकडे वळला. "जा, बसा. यहुदापाशी थांबलंय. देवाशी आपलं भांडण नाही."

"आणि तुम्ही?" पोर्फिर्योनं विचारलं.

"माझं आहे," मांग तेबान म्हणाला, "पण देवाशी नाही." आणि टोपी घालून तो फाटकातून बाहेर पडला. फेली फाटकापर्यंत मागे गेली. त्यानं वळून बघितलं नाही.

चौघांनी कडवं उचललं. सूर खाली गेला होता, तो शेवटच्या पानापर्यंत खालीच राहिला.

शुक्रवारी माता खांद्यावरून गेली, साध्या काळ्या कापडात. लुविंगनंच नेसवलं शेवटी; म्हणाली, तिचा काय दोष. रोहेल मिरवणुकीत नव्हता. सोमवारी उरलेले पैसे भरले गेले. आता दर शनिवारी कामगारांचे फोन एकदम वाजतात, आणि फेली शुक्रवारी संध्याकाळी देवळात असते. चांगलं झालं, मी नाही म्हणत नाही. पण त्या अकरा वर्षांचा राग माझा अजून गेला नाही, आणि तो जावा असं मी देवाकडे मागतही नाही.

मांग तेबानचे महिने उन्हाळा संपायच्या आत मान्य झाले. त्याला पेन्शन मिळाली. चौदा महिने. मग छातीनं घात केला. त्या चौदा महिन्यांत तो गावात सात घरी दुःखसहन गायला, आमच्या घरी नाही. फेलीनं दोनदा निरोप पाठवला, एकदा स्वतः गेली. त्यानं तिला चहा दिला, हातानं केलेल्या चपलांचा जोड दिला, होकार दिला नाही.

कागदावर त्याचं नाव एस्तेबान लाग्दामेओ. मृतांसाठी प्रार्थना कराल तेव्हा हे नाव घ्या, आणि घेताना जरा मोठ्यानं घ्या. त्याला आठवा.